कपाटातल्या सीडी-कॅसेटींचा घरगुती संगीत सर्व्हर

स्ट्रीमिंगच्या ॲपवर लाखो गाणी असतात, पण गावच्या गणेशोत्सवात कोणीतरी टेप केलेली मैफल तिथे नसते. आकाशवाणीवरून घरीच उतरवून घेतलेला कार्यक्रम नसतो आणि कधीच बंद पडलेल्या छोट्या कंपनीची नाट्यपदांची कॅसेटही नसते. असा साठा ज्यांच्या कपाटात आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. सीडी आणि कॅसेटी फाइलींत आणायच्या, त्या एका छोट्या संगणकाला जोडलेल्या डिस्कवर ठेवायच्या आणि घरातल्याच ॲम्प्लिफायर-स्पीकरवर फोनवरून निवडून ऐकायच्या, एवढीच मांडणी इथे सांगितली आहे.

यंत्र उभे करायला एक संध्याकाळ पुरते. वेळ खातात त्या फाइली आणि त्यांची नावे. ही सगळी सॉफ्टवेअरे पाश्चात्त्य अल्बमच्या हिशेबाने बनलेली आहेत: एक गायक, दहा गाणी, एक वर्ष. राग, ताल, साथीदार, कवी यांना त्यात आयती जागा नाही, ती आपण करून द्यावी लागते. म्हणून खरेदीची घाई नको. आधी पंचवीस सीडी नीट उतरवून पाहा, मग पेटी, म्हणजे तो छोटा संगणक, विकत आणा.

सीडी उतरवणे

सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटचे, दोन चॅनेलांत असतात. हिशेब मिनिटाला साधारण १० एमबीचा पडतो. फ्लॅक स्वरूपात तोच ऐवज निम्म्याच्या आसपास जागेत बसतो आणि एकही बिट हरवत नाही. तासाभराची सीडी साधारण ३०० ते ३५० एमबी होते, म्हणजे ३०० सीडींना १०० जीबी पुरतात. आज ५०० जीबीची लहानशी एसएसडी सहज मिळते, तेव्हा जागा वाचवण्यासाठी एमपी३ करण्यात अर्थ उरलेला नाही. शिवाय एमपी३ मध्ये प्रत्येक फाइलीच्या पुढेमागे किंचित शांतता चिकटते. सुट्या गाण्यांत ती कळत नाही. विलंबित संपून द्रुत सुरू होताना तानपुरा मात्र अखंड वाजत असतो, तिथे क्षणभर झटका बसतो आणि रसभंग होतो. फ्लॅकमध्ये ही अडचण येत नाही.

विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी (ईएसी) हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. मॅकवर एक्सएलडी आणि लिनक्सवर व्हिपर आहे. ईएसीत पहिल्यांदा ड्राइव्हच्या पर्यायांत जाऊन ‘सिक्युअर’ पद्धत निवडा आणि ड्राइव्हची वैशिष्ट्ये सॉफ्टवेअरलाच तपासू द्या. मग सीडी घाला आणि ‘टेस्ट अँड कॉपी’ हा पर्याय घ्या. यात प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचला जातो आणि दोन्ही वाचनांचा तपासणी-अंक शेजारी दिसतो. अंक जुळले की वाचन खरे. अ‍ॅक्युरेटरिप ही सोय तुमचे वाचन जगभरातल्या इतरांच्या वाचनाशी ताडून पाहते, पण मराठी आणि एकूणच भारतीय सीडी त्या साठ्यात पुष्कळदा सापडत नाहीत. ‘सापडली नाही’ म्हणजे ‘चुकली’ असे नव्हे. अशा वेळी भरवसा दोन अंकांच्या जुळणीवर ठेवा.

अंक जुळले नाहीत तर सीडी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून धुवा आणि मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवून पुसू नका. सीडीवरची माहिती गोल धावते, तेव्हा गोल ओरखडा सलग माहिती खातो. आडवा ओरखडा तुकड्यातुकड्यांत खातो आणि त्याची भरपाई सीडीतली दुरुस्ती-सोय करू शकते. तरीही नाही जमले तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा. एका ड्राइव्हला न वाचलेली सीडी दुसऱ्याला वाचते, हे नेहमीचे आहे. घरी कोरलेल्या सीडी-आर छापील सीडींपेक्षा लवकर खराब होतात, म्हणून आधी त्या हाती घ्या.

एक सावधगिरी. बाजारात ‘एमपी३ सीडी’ नावाने पन्नास-शंभर गाण्यांच्या तबकड्या मिळायच्या. त्यातल्या फाइली जशाच्या तशा कॉपी करा. त्या फ्लॅकमध्ये बदलल्याने आकार वाढतो, गेलेला आवाज परत येत नाही.

कॅसेट: घाई केली की बिघडते

कॅसेटीत आधी यंत्र बघावे. वॉकमनसारखे दिसणारे स्वस्त यूएसबी कॅसेट प्लेअर घेऊ नका, त्यांचा वेग डळमळतो आणि तानपुऱ्याचा सूर लाटेसारखा वरखाली होतो. जुना चांगला डेक बरा. पडून राहिलेल्या डेकचा रबरी पट्टा सैल झालेला किंवा चिकट होऊन विरघळलेला असतो. तो बदलून घ्यावा लागतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली इथे असे सुटे भाग आणि ते बसवणारे हात शोधता येतात. जुना पट्टा सोबत न्या, म्हणजे माप अंदाजाने सांगावे लागत नाही.

हेड, कॅपस्टन (टेप ओढणारा बारीक दांडा) आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कानकोरणीच्या कापसाने पुसा. दर पाच-सहा कॅसेटींनी पुन्हा. तपकिरी भुकटी निघेल, ती टेपवरची चुंबकीय पूड असते.

मग कॅसेट प्रकाशात धरून खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे बघा. पांढरी झाक किंवा ठिपके दिसले तर बुरशी आहे. कोकण, गोवा, मुंबईच्या हवेत ती हमखास लागते. अशी कॅसेट डेकमध्ये घालू नका, बुरशी हेडला लागून पुढच्या कॅसेटीत जाते. कवच पाच बारीक स्क्रूंचे असेल तर उघडून गुंडाळी दुसऱ्या चांगल्या कवचात बसवता येते. चिकटवलेले कवच पातळ पात्याने सांध्यावर उघडावे लागते. टेप मोकळ्या हवेत कोरडी होऊ द्या आणि मऊ कापड हलके लावून हळूहळू एकदा पूर्ण फिरवा. हे घराबाहेर करा, मास्क लावून. टेपच्या मागे एक छोटी फेल्टची उशी असते. तिचा गोंद सुकून ती पडली असेल तर आवाज दबका आणि येत-जात राहतो. दुसऱ्या टाकाऊ कॅसेटीतली उशी काढून बसवा.

वर्षानुवर्षे न वाजलेली कॅसेट आधी एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण फिरवा, म्हणजे चिकटलेले थर सुटतात. मग पाच मिनिटे वाजवून ऐका. आवाज गोधडीतून आल्यासारखा वाटला तर बहुतेक वेळा दोष हेडच्या कोनाचा असतो. हेडशेजारच्या एका छोट्या स्क्रूने तो कोन बदलतो. टेप वाजत असताना आवाज मोनो करा आणि स्क्रू अगदी थोडा, पाव वळणाच्या आत, दोन्हीकडे फिरवा. तबल्याची ‘ता’ आणि ‘स’कार सगळ्यात स्वच्छ जिथे ऐकू येतो तिथे थांबा. मूळ जागा आधी खुणेने लक्षात ठेवा. घरी टेप केलेल्या कॅसेटी वेगवेगळ्या यंत्रांवर झालेल्या असतात, म्हणून हे प्रत्येकीसाठी वेगळे करावे लागू शकते.

डेकच्या ‘लाइन आउट’मधून आवाज संगणकात घ्यायला साधा यूएसबी इंटरफेस पुरतो. लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रात घालू नका, तिथे आवाज फाटतो आणि बऱ्याचदा मोनोच मिळतो. १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्‌झ पुष्कळ झाले. कॅसेटीची मुळातली पोच, म्हणजे सर्वांत मंद आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर, साधारण ५० ते ६० डेसिबलची असते, १६ बिटमध्ये ९६ मावतात. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास थांबेल. गायक तार सप्तकात पोहोचला की पातळी अचानक उसळते, म्हणून चाचणी अशा जागेवर घ्या, सुरुवातीच्या आलापावर नाही. ९० मिनिटांची कॅसेट ऑडॅसिटीच्या प्रकल्पात सुमारे २ जीबी घेते.

आता खरखर काढण्याबद्दल. ऑडॅसिटीतली ‘नॉइज रिडक्शन’ची सोय आधी नमुना मागते आणि त्या नमुन्यासारखा सलग आवाज सगळीकडून वजा करते. बहुतेक जण गाणे सुरू होण्यापूर्वीचे दोन सेकंद नमुना म्हणून देतात. आपल्या मैफलीत त्या दोन सेकंदांत तानपुरा वाजत असतो. सॉफ्टवेअर त्यालाच कचरा समजते आणि गाण्याचा पायाच खरवडून काढते. नमुना तानपुरा जुळण्याच्याही आधीच्या नुसत्या टेपच्या सूंऽऽमधून घ्या, अर्धा सेकंद मिळाला तरी चालेल. वजाबाकी ६ डेसिबलच्या वर नेऊ नका. लावण्यापूर्वी ‘रेसिड्यू’ हा पर्याय निवडून ऐका, त्यात फक्त काढला जाणारा भाग वाजतो. त्यात तानपुऱ्याच्या जवारीची झणझण ऐकू आली की पाऊल मागे घ्या. थोडी खरखर राहू दिलेली बरी, पाण्याखालून गायल्यासारखा आवाज नको. आणि कच्चे रेकॉर्डिंग वेगळे जपून ठेवा, साफसफाई नेहमी प्रतीवर.

वेगही तपासा. डेक ३ टक्के जलद असेल तर गायकाची पट्टी साधारण एका श्रुतीएवढी, म्हणजे पाव स्वराच्या आसपास चढते. एका अर्धस्वराला जवळजवळ ६ टक्के लागतात. त्याच ध्वनिमुद्रणाची सीडी कुठे असेल तर तिच्याशी षड्ज ताडून ऑडॅसिटीत ‘चेंज स्पीड’ने दुरुस्त करा. एका डेकची चूक एकदा सापडली की त्या डेकवरच्या बाजारी कॅसेटींना तोच आकडा लावता येतो.

तुकडे पाडायला जिथे नवे पद सुरू होते तिथे खूण टाका आणि निर्यात करताना ‘मल्टिपल फाइल्स’ निवडा. बाजू बदलताना ख्याल मध्येच तुटला असेल तर दोन ट्रॅक तसेच ठेवा. जोडणीच्या नादात सम चुकते.

नावे आणि गावे

शे-दोनशे अल्बमांनंतर शोध लागतो की नाही, हे इथे ठरते. विंडोजवर एमपी३टॅग हे सॉफ्टवेअर सोयीचे. नावात एमपी३ असले तरी ते फ्लॅकवरही चालते. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड इंटरनेटवरून नावे आणते, पण आपल्या सीडींची माहिती तिथे अर्धवट असते, तेव्हा आणलेले तपासून घ्या.

पहिला नियम मानाच्या उपाध्यांचा. ‘पंडित कुमार गंधर्व’, ‘पं. कुमार गंधर्व’ आणि ‘कुमार गंधर्व’ हे संगणकाच्या लेखी तीन गायक होतात. कलाकाराच्या रकान्यात नुसते नाव लिहा. मान आपल्या तोंडात असतोच, तो तिथे लिहिला नाही म्हणून उणा होत नाही. हाच नियम ‘उस्ताद’, ‘विदुषी’, ‘बुवा’ यांना, फक्त ज्यांचे ‘बुवा’ नावातच मुरले आहे त्यांचे काढू नका.

दुसरे, टॅग, म्हणजे फाइलीतच लिहिलेली ही नावे, देवनागरीत की रोमनमध्ये? देवनागरीत लिहा. रोमनमध्ये यमनचे ‘ई’ने सुरू होणारे आणि ‘वाय’ने सुरू होणारे अशी दोन रूपे सीडींच्या वेष्टनांवरच सापडतात. देवनागरीत हा घोळ कमी. पण देवनागरीचा एक स्वतःचा सापळा आहे. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टाइप होते: एकच चिन्ह म्हणून, किंवा ‘अ’ला वर चंद्र जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, शोधणाऱ्या संगणकाला वेगळे. ‘कऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’ यांतल्या ‘ऱ्ह’चेही तसेच. अशी नावे एकदाच टाइप करून एका साध्या मजकूर फाइलीत ठेवा आणि तिथूनच चिकटवा. फाइली आणि फोल्डर यांची नावे मात्र रोमनमध्ये ठेवा. गाडीतले जुने प्लेअर आणि काही टीव्ही देवनागरीऐवजी चौकोन दाखवतात. नावात अपूर्णविराम (:) आणि प्रश्नचिन्ह नको, विंडोज ते स्वीकारत नाही. ट्रॅक क्रमांक दोन अंकी द्या, नाहीतर १ नंतर १० येतो.

शास्त्रीय गायनाची फाइल अशी भरा. शीर्षकात राग, लय-ताल आणि बंदिशीचे पहिले शब्द, याच क्रमाने: ‘यमन, विलंबित एकताल’ आणि पुढे मुखडा. कलाकाराच्या रकान्यात मुख्य गायक किंवा वादक. अल्बम-कलाकाराच्या रकान्यात तेच नाव, म्हणजे जुगलबंदीची एक सीडी चार तुकड्यांत फुटत नाही. तबला, हार्मोनियम, सारंगीवाले ‘परफॉर्मर’ या रकान्यात.

आता राग. त्यासाठी वेगळा ‘राग’ नावाचा रकाना बनवता येतो, पण बहुतेक प्लेअर तो बघतही नाहीत. साधा उपाय म्हणजे प्रकाराच्या, म्हणजे ‘जॉनर’च्या रकान्यात दोन नोंदी करा: एक ‘ख्याल’, दुसरी ‘राग यमन’. एमपी३टॅगमध्ये दोन नोंदींच्या मध्ये दोन उलटे तिरके दांडे टाकले की त्या वेगळ्या साठवल्या जातात. ‘राग’ हा शब्द आधी लावल्याने सगळे राग यादीत ओळीने एकत्र येतात आणि बहुतेक प्लेअर ते दाखवतात. ललत की ललित, मारुबिहाग जोडून की तोडून, हे एकदा ठरवा आणि त्याच मजकूर फाइलीत लिहा.

वेळेची चौकट हवी असेल तर तिसरी नोंद ‘प्रहर सकाळ’, ‘प्रहर रात्र’ अशी. तिचा उपयोग शेवटी येईल.

भावगीत आणि नाट्यपदांचा प्रश्न निराळा. आपण गाणे गायकाइतकेच कवीच्या नावाने लक्षात ठेवतो, पण गीतकाराचा रकाना पुष्कळ प्लेअर दाखवत नाहीत. म्हणून ‘कंपोझर’मध्ये संगीतकार आणि कवी दोघांनाही दोन नोंदी म्हणून घाला. काटेकोर मंडळींना हे पटणार नाही. पण कवीच्या नावाने गाणे सापडते, आणि हेतू तोच आहे. नाट्यपदांच्या संग्रहात नाटकाचे नाव ‘ग्रुपिंग’च्या रकान्यात द्या.

शेवटी आवाजाची सारखेपणाची नोंद, म्हणजे रीप्ले-गेन. जुनी ध्वनिमुद्रणे मंद असतात, नव्या सीडी दणक्यात. फूबार२००० या विंडोजवरच्या प्लेअरमध्ये अल्बम निवडून रीप्ले-गेन मोजून घ्या. फाइलीतला आवाज बदलत नाही, फक्त एक आकडा लिहिला जातो.

पेटी

सामान असे लागते. रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक, २ जीबी रॅमचा पुरे. पाय ३ बी प्लस आधीच घरात असेल तर तोही चालेल. त्याच्या ४० पिनांवर बसणारी डॅक पाटी (फाइलीतले आकडे ॲम्प्लिफायरला कळणाऱ्या आवाजात बदलणारी), उदाहरणार्थ पीसीएम५१२२ चिपची रास्पबेरी पाय डॅक प्लस किंवा हायफायबेरीची तशीच एखादी. ८ किंवा १६ जीबीचे मायक्रोएसडी कार्ड. यूएसबीची ५०० जीबी एसएसडी. ५ व्होल्ट ३ अँपियरचा अस्सल अडॅप्टर. आरसीए केबल आणि एक लॅन केबल.

डॅक का? पाय ४ वरच्या हेडफोनच्या छिद्रातला आवाज कामचलाऊ असतो, शांत जागी फुसफुस ऐकू येते. पाय ५ ला ते छिद्रच नाही. त्याच पैशांत आकड्यांनी मोठी डॅक घेण्यापेक्षा साधी घ्या आणि उरलेले स्पीकरसाठी ठेवा. ३८४ किलोहर्ट्‌झचा शिक्का असलेल्या डॅकवर कॅसेट काही बदलत नाही.

अडॅप्टरवर काटकसर नको. पायला मिळणारा दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की तो धोक्याची नोंद करतो आणि स्वतःला मंद करतो. मोबाइलचा चार्जर आणि बारीक केबल लावली की हेच होते: गाणे मध्येच अडते, डिस्क दिसेनाशी होते, आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. फिरती हार्ड डिस्क पायच्या यूएसबीतून वीज ओढते. पाय ४ चारही यूएसबींना मिळून १.२ अँपियर देतो, म्हणून एसएसडी बरी.

पायवर संगीत वाजवणारे सॉफ्टवेअर पायकोअरप्लेयर. त्याच कामाचे व्हॉल्युमिओ दिसायला सुबक आहे, पण पायकोअरप्लेयर सुरू होताना कार्डावरून पूर्ण स्वतःला रॅममध्ये घेतो आणि मग कार्डावर लिहीत बसत नाही. वीज गेली किंवा कोणी बटण बंद केले तरी कार्ड बिघडण्याची भीती फारच कमी. जिथे वीज कधीही जाते तिथे हा एकच गुण पुरेसा आहे. पायऱ्या अशा:

१. पायकोअरप्लेयरची फाइल उतरवा आणि रास्पबेरी पाय इमेजरमध्ये ‘कस्टम’ पर्यायाने कार्डावर लिहा.

२. वीज बंद असताना डॅक पाटी पिनांवर दाबून बसवा. एक पिन सरकली तरी पाय सुरू होत नाही. कार्ड घाला, लॅन केबलने राउटरला जोडा, मग वीज द्या. वायफाय नंतर त्याच्या पानावरून लावता येते.

३. दोन मिनिटांनी राउटरच्या यादीत त्याचा आयपी पत्ता बघा आणि तो ब्राउझरमध्ये टाका. राउटरमध्ये तो पत्ता कायमचा राखून ठेवा, नाहीतर पुढच्या आठवड्यात फोनवरचे पान उघडणार नाही.

४. मुख्य पानावर ‘रिसाइझ एफएस’ने कार्डावरची जागा वाढवा. हे विसरले तर पुढची पायरी जागा नाही म्हणून अडते.

५. ‘स्क्वीझलाइट’ हा प्रत्यक्ष आवाज वाजवणारा भाग. ‘स्क्वीझलाइट सेटिंग्ज’मध्ये तुमच्या डॅकचे नाव निवडा, जतन करा, पुन्हा सुरू करा. नाव चुकले तर सगळे चालते, फक्त आवाज येत नाही. मौनाचे सगळ्यात मोठे कारण हेच.

६. ‘एलएमएस’च्या पानावर सर्व्हर बसवा. हा पूर्वीचा लॉजिटेक मीडिया सर्व्हर, आता त्याचे नाव लिरियन म्युझिक सर्व्हर. त्याच पानावर डिस्क जोडा. डिस्क ईएक्सटी४ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर उत्तम. विंडोजमधली एनटीएफएस असेल तर तिच्यासाठीचा जोड आधी बसवावा लागतो. सर्व्हरची स्वतःची नोंदवहीही याच पानावरून डिस्कवर हलवा.

७. त्याच आयपी पत्त्यापुढे अपूर्णविराम देऊन ९००० लिहिले की लिरियन उघडतो. संगीताचे फोल्डर दाखवा आणि स्कॅन सुरू करा. काही हजार फाइलींना थोडा वेळ लागतो. एवढ्या वेळात वीज जाऊ देऊ नका, कारण तेव्हा डिस्कवर लिखाण चालू असते.

लिरियनमध्ये ‘मटेरियल स्किन’ हा प्लगइन घाला, फोनच्या ब्राउझरमधून ॲपसारखा चालतो. प्लेअरच्या ध्वनी-सेटिंगमध्ये क्रॉसफेड बंद ठेवा, नाहीतर विलंबिताच्या शेवटावर द्रुताचा मुखडा चढतो. आवाज-समतोल ‘स्मार्ट गेन’वर ठेवा: पूर्ण अल्बम वाजताना आलापाचे मंदपण टिकते, सरमिसळ यादीत मात्र गाणी सारखी होतात.

दुसऱ्या खोलीत आणखी एक पाय ठेवून त्यात फक्त स्क्वीझलाइट चालवला की तोच सर्व्हर दोन्ही खोल्यांत एकत्र किंवा वेगवेगळे वाजवतो. कोबझ, टायडल या स्ट्रीमिंग सेवा ज्या देशांत मिळतात तिथल्या वाचकांना त्यांचे प्लगइनही याच सर्व्हरमध्ये मिळतील.

जोडणी, हम आणि बैठक

डॅकची आरसीए केबल ॲम्प्लिफायरच्या ‘सीडी’, ‘ऑक्स’ किंवा ‘टेप’ या जागी लावा. ‘फोनो’ला कधीच नाही. ती जागा तबकडीच्या अतिशय क्षीण आवाजासाठी असते. डॅकचे २ व्होल्ट तिथे गेले की आवाज फाटून येतो आणि स्पीकरलाही धोका.

सतत घोंगावणारा खालचा सूर म्हणजे ५० हर्ट्‌झचा हम. दोन उपकरणे वेगवेगळ्या वाटांनी जमिनीला जोडली गेली की तो येतो. टीव्हीची केबल, मग लॅन केबल, अशी एकेक वायर काढून ऐका. जी काढल्यावर हम जातो ती दोषी. सगळी उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा. लॅनमुळे असेल तर वायफायवर जा. प्लगची अर्थिंगची पिन काढू नका, तो उपाय जिवावर बेततो.

स्पीकरच्या तारा दोन्हीकडे लालला लाल, काळ्याला काळी. एकीकडे उलटे झाले तर गायकाचा आवाज मधोमध न उभा राहता खोलीभर विखुरतो आणि तबल्याचा डग्गा पोकळ होतो. मोनो रेकॉर्डिंग लावून बघा: आवाज नेमका दोन स्पीकरच्या मधून आला पाहिजे.

मांडणीची पुस्तके गृहीत धरतात की ऐकणारा सोफ्यावर आहे. जमिनीवर मांडी घालून बसलात तर कान साधारण ७५ सेंटीमीटरवर येतात, सोफ्यावर तेच मीटरभर. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला उंच सुरांचा छोटा भाग, कानाच्या रेषेत हवा, म्हणून बैठकीसाठी स्पीकर खाली आणा किंवा पुढचा भाग थोडा खाली झुकवा. दोन स्पीकर आणि तुम्ही असा समभुज त्रिकोण, भिंतीपासून किमान २५ सेंटीमीटर. कोपऱ्यात ढकललेला स्पीकर डग्गा फुगवतो. उघडी फरशी असेल तर समोर सतरंजी किंवा जाजम टाका, टाळ्यांसारखा घुमणारा आवाज लगेच कमी होतो. आणि पंखा एक नंबर खाली. त्याच्या सूंसूंत तानपुरा बुडतो, यावर कुठली डॅक काही करू शकत नाही.

दुसरी प्रत

डिस्क कधी ना कधी मरते. तेवढ्याच आकाराची दुसरी डिस्क घ्या, महिन्यातून एकदा फ्रीफाइलसिंक या प्रती काढणाऱ्या सॉफ्टवेअरने प्रत काढा आणि ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवा. ‘मिरर’ पर्याय निवडण्यापूर्वी यादी वाचा. मूळ डिस्कवर चुकून पुसलेले तो प्रतीवरूनही पुसतो. सीडी विकत घेतलेली आहे म्हणून तिच्या फाइली गावभर वाटायच्या नसतात, ही प्रत घरापुरती.

पहाटेचा गजर

प्रहराची नोंद केली असेल तर लिरियनमध्ये ‘प्रहर सकाळ’ या प्रकारातून भैरव, तोडी, ललत यांची एक यादी बनवा आणि ती आवडत्यांत टाका. प्लेअरच्या सेटिंगमध्ये गजर आहे. वेळ ६, आवाज म्हणून ही यादी, आवाजाची पातळी ३०, आणि ‘फेड इन’ चालू, म्हणजे षड्ज हळूहळू वर येतो. ॲम्प्लिफायर रात्री बंद करत असाल तर गजर वाजेल पण ऐकू येणार नाही, तो चालूच ठेवावा लागेल किंवा त्याला वेळेवर सुरू होणारा स्मार्ट प्लग लावावा लागेल. रविवारी झोपायचे असेल तर गजराच्या पानावर वारांच्या खुणा आहेत, त्यातली रविवारची काढून टाका.